भाजलेली माती

माझ्या दिराला मी भाऊजी म्हणते, तो मला वहिनी म्हणतो. तोंडावर अहोजाहो आणि मनात अरेतुरे, असं आमचं तेरा वर्षं चाललं आहे. दोघंही एकाच बागेत नोकरीला. तो वरच्या मजल्यावर हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या फांद्या जाड कागदावर चिकटवून कपाटात ठेवतात त्या खोलीत. मी खाली रोपवाटिकेत. त्याच्याकडे झाड मेल्यावर जातं, माझ्याकडे जन्मायच्या आधी येतं. माझा नवरा रानोमाळ हिंडून झाडं शोधायचा आणि म्हणायचा, "मधली जिवंत झाडं तेवढी माझी, बाकी तुम्ही दोघं वाटून घ्या."

आम्ही वाटून काही घेतलं नाही. एकमेकांना पाण्यात मात्र पाहिलं.

याचं मूळ एक झाड आहे. गावाबाहेर दगडाची जुनी खाण आहे, तिच्या वरच्या उतारावर, अगदी कडेला, ते एकटं उभं आहे. तेरा वर्षांपूर्वी नवऱ्याला ते दिसलं. वादळात पडलेली एक फांदी त्याने घरी आणली, पान चुरगळून माझ्या नाकाशी धरलं. उग्र, राळेसारखा वास होता. मग गळ्यातलं भिंग पानाच्या पाठीवर धरून मला दाखवलं. बारीक पिवळे ठिपके, कोणी हळद शिंपडावी तसे.

"हे अक्रोडाच्या कुळातलं आहे," तो म्हणाला.

"अक्रोड थंड मुलखातला ना?"

"तो थंडीतला. पण त्याचे काही चुलतभाऊ उष्ण मुलखात राहतात. त्यांना कोणी ओळखत नाही, कारण खाण्यासारखं ते काही देत नाहीत."

दुसऱ्या दिवशी फांदी वर गेली. भाऊजींनी चाकूने ती उभी चिरली. अक्रोडाच्या फांदीतला गर कप्प्याकप्प्यांचा असतो. या फांदीतला भरीव निघाला. पानं जोडीजोडीने, टोकाला एकटं पान नाही. भाऊजींनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हटलं, "दादा, हे रिठ्याचं कूळ. बाकी तुझी हौस."

नवरा म्हणाला, "कप्पे सगळ्या चुलत्यांकडे नसतात. ठिपके बघ की."

भाऊजींनी ठिपके बघितले नाहीत. त्यांनी चिठ्ठी लिहिली: रिठ्याचं कूळ. खाली सही, तारीख. आणि ती कागदावर चिकटवली.

हर्बेरियममध्ये एकदा लावलेली चिठ्ठी कधी काढत नाहीत. चूक निघाली तर नवी चिठ्ठी वर चिकटवायची, जो चिकटवेल त्याच्या नावानिशी आणि तारखेनिशी. जुनी खाली तशीच राहते. काही कागदांवर पाच-पाच चिठ्ठ्या आहेत, पाच शहाण्यांच्या चुका ओळीने वाचता येतात. भाऊजींच्या चिठ्ठीवर दुसरी चिठ्ठी कधी चढलेली नाही, हे ते न विचारता कोणालाही सांगतात.

पुढच्या उन्हाळ्यात नवऱ्याने झाडाखालून फळं वेचून आणली. मिरीएवढा दाणा, आणि त्याला कागदासारखे तीन पंख, मधला लांब, बाजूचे आखूड. रिठ्याचं फळ असं असतं हे सांगायला माणूस आंधळाच पाहिजे. पण भाऊजी म्हणाले, "जमिनीवरचं फळ पुरावा नाही. वाऱ्याने कुठूनही येतं. फांदीला लागलेलं आण."

नियम म्हणून बरोबरच होतं. पण त्या झाडाची पहिली फांदी चाळीस फुटांवर, तीही खाणीवर झुकलेली, आणि नवऱ्याचं हृदय दोन जिन्यांत दमणारं. चढणारं कोणी मिळालं नाही. मग एकच वाट उरली: तीच फळं पेरायची. त्यातून आलेल्या रोपाला तशीच जोडीची पानं फुटली, तर फळ त्याच झाडाचं हे सिद्ध. यात एक मेख होती. या झाडाच्या रोपाची पहिली पानं साधी, एकेकटी असतात. जोडीपान यायला रोप हातभर वाढावं लागतं.

आमचं एकही रोप वीतभरसुद्धा वाढलं नाही. दर वर्षी पेरायचं, तिसऱ्या आठवड्यात कोंब, दुसऱ्या महिन्यात चार पानं, मग पिवळी पडून माना टाकायची. अकरा वर्षं.

पेरणारी मी होते. पहिल्या वर्षी नवरा चेष्टेने म्हणाला, "तुझा हात जड आहे." तिसऱ्या वर्षी चेष्टा संपली. पाचव्या वर्षी मी रोपांची वही उघडली, तर मेलेल्या रोपांपुढे कारणाच्या रकान्यात त्याच्या अक्षरात एकच शब्द: हाताळणी. रोपवाटिकेत बाईच्या तोंडावर थुंकलं तरी इतकं लागत नाही. याच हातांनी मी दरसाल चार हजार रोपं बाहेर काढते. बोरीच्या बीपासून बांबूपर्यंत काही सुटलेलं नाही. पण वहीत लिहिलं गेलं की लिहिलं गेलं.

आणि माती तरी कसली! नवऱ्याचा दंडक होता, माती भाजल्याशिवाय पेरायचं नाही. तो नोकरीला लागला त्या वर्षी बुरशीने एका आठवड्यात दोन हजार रोपं खाल्ली होती, त्याचा धसका त्याने जन्मभर घेतला. पत्र्याच्या पिंपात माती घालायची, खाली जाळ करायचा, हात लावला तर चटका बसेपर्यंत परतायची. माझ्या भुवया कितीदा जळल्या. या झाडासाठी तर माती दोनदा भाजायची. "माती स्वच्छ तर रोप स्वच्छ," तो म्हणायचा, आणि मी भाजायची.

दोन वर्षांपूर्वी तो गेला. दवाखान्यात शेवटच्या दिवसांत एकदा म्हणाला, "ती फळं परत पेरा. पण या वेळी तू नको, माळ्याला पेरू दे." मेलेल्या माणसावर रागावण्यात अर्थ नसतो, तो उत्तर देत नाही. तरी मी रागावले. अजून रागावलेली आहे.

गेल्या महिन्याच्या मध्यावर संचालक बाईंनी आम्हा दोघांना बोलावलं. त्यांच्या टेबलावर नकाशा पसरलेला होता. खाणीच्या वरच्या उतारावर पाण्याची टाकी होणार होती, आणि टाकीचा गोल नेमका त्या झाडावर काढलेला होता.

"महिनाअखेरीस मशिनं येतील," बाई म्हणाल्या. "टाकी पन्नास फूट सरकवता येते, मी बोलले आहे. पण रिठ्याच्या कुळासाठी कोणी टाकी सरकवणार नाही, ती झाडं पैशाला पासरी आहेत. चिठ्ठी बदलली आणि पुरावा जोडला तर मी त्याच दिवशी पत्र पाठवते."

"पुरावा नाही, मॅडम," भाऊजी म्हणाले. "फळं लागायला अजून चार महिने आहेत. दादाचं त्या झाडावर प्रेम होतं. प्रेम कागदावर चिकटवता येत नाही."

"रोपांचं काय झालं?"

"ते वहिनींना विचारा. अकरा वर्षांत एक रोप जगवता आलं नाही त्यांना." हे तो माझ्याकडे न बघता, शांतपणे, पाऊस पडला नाही म्हणावं तसं बोलला.

मी म्हटलं, "भाऊजी, तुमच्याकडे आलेलं तर एकही जगलेलं नाही."

बाई हसल्या. तो हसला नाही. मी जिना उतरून रोपवाटिकेत आले. झाड जाणार होतं. झाड गेलं की त्या कागदावर रिठ्याचं कूळ कायमचं राहणार होतं, आणि वहीत माझा हात.

त्या रविवारी धाकट्या जावेचा, भाऊजींच्या बायकोचा, फोन आला. तिचं-माझं भांडण नाही. ती साधी आहे, नवऱ्याचा शब्द म्हणजे तिला दगडावरची रेघ.

"ताई, जरा येऊन जाता का? मागच्या अंगणात पिंपात एक झाड आहे, त्याला पांढरे किडे लागलेत. हे कोणाला हात लावू देत नाहीत, पण आज कुठे मीटिंगला गेलेत. मेलं तर माझ्यावरच येईल."

मी गेले. चार वर्षांत त्या घरी गेले नव्हते. मधल्या खोलीतून जाताना सगळीकडे भाऊजींची खोड दिसत होती: प्रत्येक वस्तूवर तारीख. भिंतीवरच्या घड्याळाच्या काचेवर सेल बदलल्याची तारीख, औषधाच्या बाटलीवर उघडल्याची, मोरीतल्या झाडूच्या दांड्यावर आणल्याची. आणि चिठ्ठ्यांच्या दोन-दोन प्रती. डब्याला एक लेबल बाहेर, तेच दुसरं झाकणाच्या आत. हर्बेरियमवाल्यांची ती रीतच असते. एक नमुना आपल्याकडे, त्याचा जोडनमुना दुसरीकडे, म्हणजे एक जळला तरी दुसरा राहतो. हा माणूस घरही तसंच चालवतो.

मागचं अंगण म्हणजे दोन भिंतींमधली चिंचोळी पट्टी. कोपऱ्यात निळं प्लास्टिकचं पिंप, आणि त्यात माझ्याहून हातभर उंच झाड.

पानं जोडीजोडीने होती. टोकाला एकटं पान नव्हतं.

मी एक पान तोडलं आणि चुरगळलं. तो वास आला. नवऱ्याचं भिंग आता माझ्या गळ्यात असतं. ते पानाच्या पाठीवर धरलं. हळद शिंपडल्यासारखे ठिपके. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते हेच.

"कधी लावलं हे?" मी विचारलं.

"झाली की चार वर्षं. कुठल्याशा टेकडीवरून बी आणलं होतं. माती विकत आणायची तर पैसे पडतात, म्हणून त्याच झाडाखालची पिशवीभर उचलून आणली. तुम्हाला माहितीच आहे त्यांचा स्वभाव."

मी बोटाने माती उकरली. माती काळी, पालापाचोळ्याची, आणि तिच्यात पांढरे धागे पसरलेले. एक मूळ वर उचलून पाहिलं, तर त्याच्या टोकांना पांढरी बुरशी हातमोज्यासारखी चढलेली होती. हे धागे मी जन्मभर भाजत आले. एखाद्या पिशवीत दिसले तर पिशवी मातीसकट जाळून टाकायची, असा दंडक. आणि इथे ते धागे मुळांना धरून बसले होते, आणि वर झाड डेरेदार वाढलं होतं.

खोडाला तारेने ॲल्युमिनियमची पट्टी बांधलेली होती. खिळ्याने कोरलेलं अक्षर भाऊजींचं, बारीक, सरळ. तीन ओळी होत्या. पेरलं, आणि तारीख. कोंब आला, आणि तारीख. जोडीपान आलं, आणि तारीख.

मी तिसरी तारीख दोनदा वाचली. बोटांवर महिने मोजले. त्या दिवशी माझा नवरा जिवंत होता. त्यानंतर तो अकरा महिने जगला. शेवटचे दोन दवाखान्यात, आणि भाऊजी रोज संध्याकाळी डबा घेऊन येत होते, खाटेशेजारी बसत होते, आणि मूग गिळून गप्प होते. त्याच खाटेवरून मला सांगितलं गेलं होतं की या वेळी तू पेरू नकोस.

"काय झालं, ताई? फार किडे आहेत का?"

"नाही," मी म्हटलं. "साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून पानं पुसून काढ. मरायचं नाही ते."

सोमवारी मी वर गेले. हर्बेरियमला डांबरगोळ्यांचा वास असतो, तो कपड्यांना लागतो आणि घरापर्यंत येतो. भाऊजी कागदावर फांदी शिवत होते. मी दार लावून घेतलं.

"मागच्या अंगणातलं झाड पाहिलं मी."

सुई थांबली. मग त्यांनी टाका पूर्ण केला, गाठ मारली, दोरा कापला. "तिला सांगितलं होतं कोणाला बोलवू नको म्हणून."

"तिला कशाला बोल लावता? तारखा तिने नाही कोरल्या."

त्यांनी सुई डबीत ठेवली. मग म्हणाले, "दादा चूक आहे हे दाखवायलाच पेरलं होतं मी. वाटलं, पानं दुसरीच येतील. आणि गंमत बघा, तीच आली."

"मग सांगायचं होतं त्यांना."

"सांगायला निघालो होतो. दोनदा बागेच्या फाटकापर्यंत आलो होतो." त्यांनी चष्मा काढला. "तुम्हाला माहीत नाही, वहिनी. लहानपणापासून एक शब्द ऐकत आलो. 'बघ.' सायकलवरून पडलो, बघ. परीक्षेत नापास झालो, बघ. तो ओरडायचा नाही, नुसतं बघ म्हणायचा. ही एकच खोली होती जिथे तो मला विचारायला यायचा."

मला क्षणभर ते समजलं. नवऱ्याचं ते 'बघ' मीही ऐकलेलं होतं, दर वर्षी, दर मेलेल्या पिशवीपुढे. पण समजलं म्हणून राग गेला असं होत नाही.

"आणि माती?" मी विचारलं. "माझी रोपं का मरतात हे तुम्हाला कळलं होतं."

"त्या बुरशीशिवाय हे झाड जगत नाही. ती मुळांना पोसते. भाजलेल्या मातीत ती उरत नाही. हो, कळलं होतं."

"म्हणजे माझा हात जड नव्हता."

"नव्हता." इतक्या सहज म्हणाले ते.

तेरा वर्षांत त्या माणसाला मारावंसं मला त्या एकाच वेळी वाटलं. टेबलावर सुरी होती, कात्री होती, फांद्या दाबायचं लाकडी यंत्र होतं. मी हात पाठीमागे बांधले.

"चिठ्ठी बदला," मी म्हटलं. "आज. आणि तारीख तीच घाला, पट्टीवरची तिसरी. ज्या दिवशी तुम्हाला कळलं ती."

"ते होणार नाही."

"का?"

"हे कागद दोनशे वर्षं राहतात, वहिनी. माझ्यामागे कोणीतरी हा उघडेल आणि हिशेब करेल की भाऊ जिवंत असताना मला माहीत होतं. मी आजची तारीख घालतो. अक्रोडाचं कूळ, माझी सही, आजची तारीख. झाड पुरावा म्हणून तुम्हाला देतो. तुमच्या रोपवाटिकेत वाढलं म्हणा, तुमच्या हातचं म्हणा. वहीतला डागही पुसला जाईल. तुम्ही फक्त माझ्या अंगणाबद्दल तोंड उघडायचं नाही."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर ते झाड रिठ्याचं आहे. आणि पिंप आज संध्याकाळी रिकामं होईल."

तो ते खरंच करणार होता. सुंभ जळेल, पीळ जाणार नाही, ही त्यांच्या घरातली जुनीच कथा. माझा नवराही तसाच होता. मी खिडकीबाहेर पाहिलं. महिनाअखेरीला नऊ दिवस होते. खाणीच्या कडेला उभ्या झाडाला कोणाच्या तारखेचं काय देणंघेणं? त्याला टाकी सरकायला हवी होती, बस.

"लिहा," मी म्हटलं. "मी तोंड उघडणार नाही."

त्यांनी लिहिलं. जुन्या चिठ्ठीच्या वर नवी लावली, अंगठ्याने कडा दाबल्या. आजची तारीख. नवऱ्याचं नाव शोधणारा म्हणून कोपऱ्यात आधीपासून होतंच. मी तो कागद पाहिला आणि मला आनंद झाला नाही. नवरा बरोबर ठरला होता, दोन वर्षं उशिरा, आणि ज्याने उशीर केला त्याचीच सही खाली होती.

दुपारी पिंप रोपवाटिकेत आलं. खोडावरची तार कापलेली होती. पट्टी नव्हती.

"गंजून पडली असेल," भाऊजी म्हणाले.

ॲल्युमिनियम गंजत नाही. मी काही बोलले नाही. तोंड न उघडायचं ठरलं होतं.

बाईंनी शब्द पाळला. पत्र त्याच संध्याकाळी गेलं, पिंपातल्या झाडाचे फोटो जोडून. आठव्या दिवशी उत्तर आलं: टाकी साठ फूट खाली. मी स्वतः उतारावर जाऊन आले. चुन्याचा नवा गोल आखलेला होता, आणि झाड त्याच्या बाहेर होतं. मी तिथे थोडा वेळ उभी राहिले, मग पोतं उघडलं आणि झाडाखालची माती भरली, धाग्यांसकट. रोपवाटिकेत आल्यावर भाजायचं पिंप उलटं करून भिंतीला लावलं. या झाडापुरता तरी दंडक मोडला. वहीत मात्र मी हात घातला नाही. माझ्या हातचं नसलेलं झाड माझ्या नावावर लिहायला मला लाज वाटली असती.

पिंपातलं झाड बागेच्या दर्शनी भागात लावायचं ठरलं. बाई आल्या, माळी आले, वरच्या मजल्यावरचे दोघं-तिघं आले. भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, बरोबर धाकटी जाऊ. बाईंनी चार शब्द सांगितले, माझ्या नवऱ्याचं नाव घेतलं, आणि म्हणाल्या, "हे रोप वाढवणं सोपं नव्हतं." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खड्ड्याकडे पाहिलं.

पिंपातलं झाड जमिनीत लावताना नुसतं उचलून ठेवत नाहीत. मुळं गोल फिरून एकमेकांत गुंतलेली असतात. ती बोटांनी सोडवावी लागतात, नाहीतर झाड जमिनीतही पिंपातच असल्यासारखं वाढतं. वाळलेल्या फांद्यांच्या माणसाला हे ठाऊक असायचं कारण नाही. माळ्यांनी पिंप आडवं केलं, मी तळाशी गुडघे टेकले आणि मुळं उकलायला लागले.

तळात, मातीच्या मधोमध, बोटांना काहीतरी कडक लागलं. मुळांनी ते गच्च धरलेलं होतं. मी एकेक मूळ बाजूला केलं आणि ते बाहेर काढलं. ॲल्युमिनियमची पट्टी. जोडनमुना.

मी वर पाहिलं. भाऊजींचा चेहरा पांढरा पडलेला होता. एक पट्टी बाहेर, एक आत. पेरतानाच मातीत पुरलेली ही दुसरी, आणि तिच्यावर नुसती पेरल्याची तारीख असणार, असं मला क्षणभर वाटलं. बादलीत धुतली. एका बाजूला पेरल्याची तारीख होती. दुसऱ्या बाजूला बाकीच्या दोन, झाड या मोठ्या पिंपात हलवताना कोरलेल्या असणार. कोंब आला. जोडीपान आलं. त्याला राहवलंच नव्हतं.

मी झाड खड्ड्यात उभं केलं, माती लोटली, पायाने दाबली. शेजारी आधाराची काठी रोवली. मग पट्टीच्या भोकातून तार ओवली आणि काठीला, सगळ्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर, घट्ट बांधली. ती ओली होती आणि उन्हात चांगली दिसत होती.

भाऊजी दोन पावलं पुढे आले. त्यांचा हात तारेकडे गेला.

"भाऊजी," मी म्हटलं, "पहिली चिठ्ठी काढायची नसते. तुमच्याच खोलीचा नियम आहे ना?"

हात तिथेच राहिला. सगळे बघत होते, बाईही. त्यांनी तो खाली घेतला आणि शर्टाला पुसला.

"हे अक्षर तर वरच्या साहेबांचं दिसतंय," एक माळी म्हणाला. बाई पुढे झाल्या, वाकून वाचू लागल्या, आणि वाचून सरळ झाल्यावर त्यांनी माझ्याकडे नाही, भाऊजींकडे पाहिलं. मी दिलेला शब्द मोडला नव्हता. मी काहीच सांगितलं नव्हतं.

मग धाकटी जाऊ जवळ आली. तिला वाचायला वेळ लागतो, ती ओळीवरून बोट फिरवते. पहिली तारीख, दुसरी, तिसरी. तिसऱ्या तारखेवर बोट ठेवून ती मनाशी काहीतरी मोजत राहिली. मग मागे वळली.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "तेव्हा मोठे भाऊजी होते ना?"

ती वाट बघत उभी राहिली, बोट तसंच ठेवून.

मी झारी उचलली आणि पाणी घालायला घेतलं. नव्या झाडाला पहिल्या दिवशी पाणी सावकाश घालायचं असतं. घाई केली तर माती मुळांशी नीट बसत नाही.